घासाआधीची प्रार्थना

मेहकरच्या स्टँडवर पुण्याची एस.टी. घरघरत उभी होती आणि बाबा खिडकीतून माझा हात धरून, टोपी काढून, मोठ्याने प्रार्थना करत होते. मागून कुणीतरी ओरडलं, "काऊन थांबली बे गाडी?" घंटीच्या दोरीवर हात ठेवून कंडक्टर म्हणाला, "थांब ना बाप्पा, पोट्टं पहिल्यांदा गाव सोडून राह्यलं." आमेन झालं, मगच त्याने दोरी ओढली.

बाबा सुतार, गावोगावच्या बैलगाड्यांची चाकं करणारे. त्यांचं सांगणं एकच, "येशूचं नाव घेतल्याबिगर घास तोडू नको."

मी घरातला पहिला पदवीधर. पुण्यात सरकारी कचेरीत लागलो. दुपारी टेबलं जोडून आम्ही पाच जण डबे उघडायचो. मी डोळे मिटले की माझा ठेचा गायब! "विचार तुझ्या देवाला, चोर कोण ते," जोगळेकर म्हणायचा. त्याचा विश्वास फक्त विज्ञानावर. सगळ्यांबरोबर मीही हसायचो. पण माझी प्रार्थना आखडत गेली. आधी दोन ओळी उरल्या, मग चष्मा पुसता पुसता मनातल्या मनात आमेन.

असे दोन हिवाळे गेले आणि बाबा भेटायला आले. थेट कचेरीत, भाकरी-ठेच्याचं गाठोडं घेऊन, जेवणाच्या सुट्टीत. मी सगळ्यांची ओळख करून दिली, सगळे बसले. मी चष्मा काढला. बाबांनी टोपी काढली. आता यांचं हसं होणार, म्हणून माझे कान तापले.

"देवबापा," बाबांचा स्टँडवरचाच आवाज, "या पोराईच्या अन्नाले बरकत दे. हा जोगळेकर तुले मानत नाही म्हन्ते. पन माह्या पोराले ताप आला तवा रोज पेज यानंच आनली, पत्रात वाचलं म्या. याले सुखात ठेव. आमेन."

कुणी हसलं नाही. जोगळेकरने आपला डबा पुढे सरकवला. म्हणाला, "बाबा, ठेचा वाढा. आज मागून घेतो."

मीही त्या दिवशी मोठ्याने आमेन म्हणालो.

तिकडे गावी राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघालेल्या गड्यांनो, तुम्ही विचारता, पुणं घरासारखं वाटतं का? जोगळेकर अजूनही देव मानत नाही. पण नव्या कारकुनाने घाईने घास उचलला, तर तो त्याचं मनगट धरतो, "थांब रे, याचं आमेन व्हायचंय." मला कंडक्टरचा घंटीच्या दोरीवरचा तो हात आठवतो. आपल्यासाठी कुणी एवढं थांबतं, तिथे घरच असतं.

आता मी डोळे सावकाश मिटतो. उघडेपर्यंत ठेचासुद्धा बहुतेक वेळा जागेवरच असतो.