सुकेळ्यांखालचं इन्शुलिन

लग्न होऊन निर्मळहून निघाले त्या दिवशी आईने माझी इन्शुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून डब्याच्या तळाशी ठेवली आणि वर सुकेळी रचली. सुकेळी म्हणजे आमची वाळवलेली राजेळी केळी, गुळासारखी गोड. मधुमेही मुलीचं औषध लपवायला बाईला दुसरं काही सापडलं नाही! टेम्पोत गाद्या चढवायला अख्खी आळी जमली होती. शेजारच्या काकूने डब्याकडे हात नेलाच. "नव्या शेजारणींना वाटायला आहेत ती," म्हणत आईने डबा घाईघाईने माझ्या मांडीवर ठेवला. मग कानाशी येऊन म्हणाली, "बाय, बाहेर बोलू नको हां." लेकीला निरोप देताना आयांना काय काय सुचतं, माझ्या आईला हे सुचलं.

सातवीत मला मधुमेह झाला. आमच्याकडे केळीला रोग पडला तर रस्त्यावर उभं राहून चर्चा होते, मुलीच्या रोगाबद्दल मात्र घरातल्या घरातही कुजबुज. पुढे लग्न कसं जमायचं, ही भीती. पाहुणे आले की मी मधल्या खोलीचं दार लावून सुई टोचायची आणि आई ओटीवर सांगायची, "अभ्यास करते." लोकांना मी भलतीच हुशार वाटत असेन. लग्न जमलं ते मी स्वतः सगळं सांगून. नीलेश एवढंच म्हणाला, "बरं, मग मला काय काय शिकावं लागेल?"

निर्मळमध्ये राहिलेल्यांनो, आम्ही दोघांनी बिऱ्हाड केलं ते चंदनसार काही सातासमुद्रापलीकडे नाही. पण वाडीतल्या मुलीला रूळ ओलांडून पूर्वेला जाणं म्हणजे परदेशच. इथे विहीर नाही, ओटी नाही, मजल्यावर चार भाषा. माझ्यासारख्या इकडे आलेल्यांना हे सांगायला नको. मी घरात ट्यूशन घेऊ लागले, नीलेश एसी दुरुस्त करतो. कंपनीचा मेडिक्लेम दोघांनाही नाही, तेव्हा आपली आपण पॉलिसी काढायची ठरली.

एजंट मोठा प्रेमळ. "ताई, डायबेटिस लिहूच नका. प्रीमियम उगाच वाढतो. कोण बघतंय?" आईचाही फोनवर तोच सूर. मला आधी हसू आलं, मग राग. इतकी वर्षं दार लावून जगले, आता त्या बंद दाराचे हप्तेही भरू? मी सगळं खरं लिहिलं. पहिल्या कंपनीने सरळ नकार दिला. दुसरीने घेतलं, पण प्रीमियम चढा आणि मधुमेहासाठी वेटिंग पिरियड, म्हणजे पहिली काही वर्षं त्या आजाराचा खर्च मिळणार नाही. ती वर्षं आम्ही ओढाताणीत काढली. सणाला नवं काही आलं नाही, पण माझी सुई चुकली नाही आणि पॉलिसीचा हप्ताही नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही. लपवणं पुष्कळ झालं.

वेटिंग पिरियड संपला, आणि गेल्या वर्षी ताप येऊन माझी साखर भडकली. आई धावत आली. हॉस्पिटलच्या काउंटरवर मी व्हीलचेअरमध्ये, नीलेश गाडी लावायला गेलेला. तिथल्या मुलीने विचारलं, "डायबेटिस कधीपासून?" बाकावर माणसं बसलेली पाहून आईच्या तोंडून सवयीने निघालं, "छे हो! आमच्या बायला काही नाही. पहिल्यापासून ठणठणीत."

मला धड बोलवत नव्हतं. तरी म्हटलं, "आई, मी पॉलिसीत सगळं लिहिलंय. तू नाही म्हणालीस तर क्लेम अडकेल."

आईने पदर सारखा केला. बाकावरच्या लोकांकडे एकदा पाहिलं, आणि त्यांनाही ऐकू जाईल अशी म्हणाली, "सातवीपासून. रोज सुई घेते. स्वतःच्या हाताने घेते माझी पोर." कॅशलेस मंजूर झालं, बिल थेट कंपनीने भरलं. मला मात्र आईचं ते बोलणंच जास्त पुरलं.

आता कोणी घर कुठलं विचारलं की मी चंदनसार सांगते. परवा निर्मळला गेले होते. ओटीवर आई, काकू आणि दोघी-तिघी बाजारासाठी मोगऱ्याचे गजरे करत होत्या. जेवणाआधीच्या सुईची वेळ झाली, तशी मी पर्स घेऊन उठले आणि पाय आपोआप मधल्या खोलीकडे वळले.

"आत कुठे चाललीस?" आई दोऱ्यावरची नजर न काढता म्हणाली. "इथेच बसून घे. उजेड आहे."

काकूने फुलांची टोपली सरकवून मला जागा करून दिली.