बाळूकडं कुणी जायचं न्हाई

भिवाभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी कांद्याला पाणी देत होतो. "झोपेतच गेले," त्यांचा पुतण्या म्हणाला. आज दीड महिना झाला, तरी फोन वाजला की मी तो बायकोकडं देतो. दुःख असतं तर एव्हाना विरलं असतं. ही भीती आहे. कारण आमचं शेवटचं बोलणं काय झालं ते मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही...

नोव्हेंबरात आम्ही जुन्नरला बँकेत भेटलो. आम्हा पेन्शनवाल्यांना दरवर्षी तिथं जाऊन आपण जिवंत आहोत असं लिहून द्यावं लागतं. सही करून एसटी स्टँडसमोर चहाला बसलो. भिवाभाऊ म्हणजे फौजेत आमच्या आठ जणांच्या तुकडीचे हवालदार, आणि मी त्यांच्या हाताखाली मशीनगनवर. बशीत चहा ओतता ओतता त्यांनी एकदम विचारलं, "दत्ता, माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस रं?"

कुठल्या दिवसाबद्दल, हे विचारायची गरज नव्हती. वीस वर्षं झाली. काश्मीरच्या जंगलात सकाळी आम्ही एकामागं एक चाललो होतो. पुढं बाळू, आमच्या आंबेगावचाच, तेवीस वर्षांचा, टकळी कधी बंद नाही असा. वाट वळली आणि समोरच्या खडकाआडून गोळ्या सुटल्या. बाळू उघड्यावर पडला, माझ्यापासून पंचवीस पावलांवर. "भाऊ, पाय गेला! भाऊ!" ओरडायला लागला. मी उठलोच होतो, तर भिवाभाऊंनी पट्टा धरून मला खाली आपटलं. "बाळूकडं कुणी जायचं न्हाई!" असल्या वेळी माणूस विचार करत नाही म्हणतात. साफ खोटं आहे. मी त्यांचं तोंड पाहत होतो. त्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, ओठ हलले, दोन श्वास झाले असतील नसतील. मग मला म्हणाले, "खडकावर मार, थांबू नको." दोघांना माझ्याजवळ ठेवलं आणि तिघांना घेऊन ते डावीकडच्या ओढ्यातून वर गेले. सात मिनिटं लागली. खडकामागं दोघं होते, दोघंही मेले. आमच्यातल्या बाकी कुणाला खरचटलंही नाही. पण बाळूला उचललं तेव्हा तो गप्प झाला होता.

दुसऱ्या दिवशी भाऊ एवढंच बोलले, "आमी मेंढरं राखणारी माणसं, दत्ता. लांडग्यानं एक धरलं म्हणून धनगर तिकडं पळाला, तर दुसरा लांडगा मागनं कळपात शिरतो. आधी राहिलेली आवळायची असत्यात."

"बाळू काय मेंढरू होता?" मी तोंडावर म्हणालो. त्यानंतर या विषयावर दोघांनी अवाक्षर काढलं नाही. वीस वर्षं मी मनात एकच धरून बसलो, की मला सोडलं असतं तर मी पोहोचलो असतो.

आणि माझ्या जिभेला हाड नाही. त्या टपरीवर मी फटकन म्हणालो, "मी गेलो असतो." भाऊंनी चहा संपवला. "हां... तू गेला असतास," म्हणाले आणि एसटीत चढले. तीन आठवड्यांनी फोन आला. डॉक्टर म्हणतात हृदयाचं दुखणं जुनंच होतं. म्हणोत बापडे! वार माझा होता की काय, हे डॉक्टरला कुठून कळणार?

अंत्यविधीला मी मागं उभा राहिलो, वहिनींच्या नजरेला नजर दिली नाही. शेवटी गेल्या आठवड्यात मन घट्ट करून ओझरच्या पुढं त्यांच्या घरी गेलो. वहिनी मला पडवीच्या कोपऱ्यात घेऊन गेल्या. "ह्ये काय हाय, तुमाला तरी कळंल."

जमिनीवर मातीचा उंचवटा, बोटानं ओढलेला ओढा, आठ खडे. फौजेत मोहिमेवर निघण्याआधी असाच देखावा मातीत मांडून समजावतात. ती सकाळ मी ओळखली.

"पेन्शनीत आल्यापास्नं रोज सकाळी हितं बसायचे. खडे हलवायचे, परत मांडायचे. 'ह्यो मेला' म्हणून एखादा खडा मातीत दाबायचे. झाडताना मी येवढं सोडून झाडती."

मला धीर नव्हता, तरी विचारलं. "जुन्नरहून आल्यावर काही बोलले का?"

"म्हणले, दत्ता म्हंतो तसं एकदा मांडून बघतो."

मी वाकून पाहिलं. उघड्यावर बाळूचा खडा खोल दाबलेला, त्याच्याशेजारी आणखी एक. तो मी. माझ्यामागं ओळीनं आणखी दोन दाबलेले, माझ्याजवळचे दोघं. मी उठलो असतो तर ते माझ्यामागं उठलेच असते. भाऊंना उत्तर मिळालं होतं, आणि त्यांनी मला फोनसुद्धा केला नव्हता.

"भाऊंचं बरोबर होतं, वहिनी," मी म्हणालो. ते दोन खडे काढले, मग माझा काढला, सदऱ्याला पुसला आणि त्या दिवशी त्यांनी मला जिथं आपटलं होतं तिथं ठेवला. मग बाळूच्या खड्याला नख लावलं. तो निघेना. इतक्या वर्षांत, कसंही मांडलं तरी, तो एकदाही हलला नव्हता, भोवतीची माती दगडासारखी झाली होती.