नाण्यावरचा खांदा

माझ्या ताईचे दंड पहिल्यापासूनच भरदार. गोळाफेकीत शाळेत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. अठराव्या वर्षी देशाच्या संघासाठी तिला निवड चाचणीचं बोलावणं आलं, आणि नेमकी तेव्हाच बाबांची कंबर धरली ती कायमची. आमचं टायरचं दुकान. मी धाकटी, अजून शाळेत. ताई चाचणीला गेलीच नाही; तिनं पाना हातात घेतला. त्यावर ती पुढे कधी चकार शब्द बोलली नाही. गिऱ्हाईकं तिला ‘टायरताई’ म्हणू लागली, तेव्हा तिनं तेच नाव पाटीवर रंगवून घेतलं.

बाबा गेले, ताईचं लग्न झालं, दुकान तिनंच वाढवलं. ती चाळिशीला आली तेव्हा आमच्या शहरात आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा भरणार असं जाहीर झालं. त्या निमित्तानं सरकार एक खास नाणं काढणार होतं. कपाटात ठेवायचं नव्हे, रोजच्या व्यवहारातलं.

एका दुपारी एक गृहस्थ गाडी रखडत रखडत घेऊन आले. मागचं चाक पार बसलेलं. ताईनं ते काढलं, उचलून खांद्याशी घेतलं आणि पाण्याच्या टाकीकडे वळली.

“थांबा! हलू नका!” गृहस्थ ओरडले.

“का? विंचू आहे की काय?” ताई जागच्या जागी थिजली.

विंचू नव्हता. ते टांकसाळीतले शिल्पकार होते. नव्या नाण्यावर गोळाफेक करणारी बाई दाखवायची होती, आणि फोटो बघून घडवलेल्या मूर्तीत काही केल्या जीव येत नव्हता.

“तुम्ही कधी खेळला होतात का?”

“गोळा फेकायचे. आता टायर फेकते.”

“माझ्यासमोर उभ्या राहाल?”

“अहो, माझं पोट बघा जरा!”

“पोट नकोच आहे मला. खांदा हवाय.”

भावजी बस चालवतात. संध्याकाळी ऐकून ते म्हणाले, “म्हणजे आता ड्युटीवरसुद्धा बायको खिशात!” आम्ही पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ती मला शाळेच्या मैदानावर घेऊन गेली. “नुसतं उभं राहिलं तर सोंग दिसेल,” म्हणाली. उसना आणलेला गोळा तिनं मानेशी टेकवला, डोळे मिटले. “अजून तसाच गार लागतो गं.” आणि फेकला. फार लांब नाही गेला, पण जमिनीत रुतला.

मग महिनाभर ती टांकसाळीत जात होती. पांढऱ्या भुकटीनं माखलेली खोली, मोठी खिडकी, ताटाएवढ्या चकतीवर मातीची मूर्ती. गुडघा वाकवून उभं राहता राहता तिच्या पोटऱ्या थरथरायच्या. मूर्ती पुरी होत आली आणि एक दिवस शिल्पकार पडेल चेहऱ्यानं आले.

“नाण्याची समिती म्हणते, दंड फार जाड झालेत. जरा नाजूक करा.”

ताईनं गोळा खाली ठेवला. “मग दुसरी बाई शोधा, साहेब. हे दंड अर्धे मैदानानं केलेत, अर्धे टायरनं. यातलं गुंजभरही कमी होणार नाही.”

शिल्पकार तडक समितीपुढे गेले आणि तिचं बोलणं जसंच्या तसं सांगून आले. बराच खल झाला म्हणे. दंड राहिले.

नाणं बाहेर पडलं त्या दिवशी आम्हा सगळ्यांना टांकसाळीत बोलावलं होतं. यंत्रातून आलेलं ताजं नाणं शिल्पकारांनी आईच्या तळहातावर ठेवलं. तोंड जेमतेम तांदळाएवढं, ओळख पटणं शक्यच नाही. आईनं चष्मा सारखा केला, अंगठ्यानं हळूच चाचपलं.

“हा खांदा माझ्या वडिलांचा,” ती म्हणाली. “हमाली करायचे ते. कोणी त्यांचा फोटोसुद्धा काढला नाही कधी.” मग ताईचा दंड घट्ट धरून उभी राहिली. भावजींना एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी बघायचं सुचलं.

स्पर्धा सुरू झाल्या तशी नाणी गल्लोगल्ली फिरू लागली. एकदा एका ट्रकवाल्यानं पंक्चरचे पैसे देताना एक नाणं उलटसुलट करून पाहिलं.

“हे चालतं का हो? खोटं तर नाही?”

“खोटं?” आई स्टुलावरून गरजली. “अहो, ती काय तुमच्यासमोर उभी आहे!”

ट्रकवाल्यानं नाण्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. ती टायर खांद्यावर घेऊन निघाली होती. “आयला! मग परत द्या, मी दुसरं देतो,” तो म्हणाला.

“दिलं ते दिलं,” म्हणत ताईनं ते नाणं पुढच्या गिऱ्हाइकाला सुटे म्हणून देऊनसुद्धा टाकलं.

“अगं, ठेवायचंस की!” मी म्हटलं.

“एक आहे आईच्या कपाटात. बाकीची हिंडू देत गावभर,” ती म्हणाली आणि पुढच्या गाडीला जॅक लावायला बसली.