ऑर्गनमध्ये काय फिरतंय?

गेल्या गुरुवारी चिंचवडला घरीच होते. आमच्या चाकणच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असते. नवीन घेतलेला छोटा स्पीकर त्या सकाळी पहिल्यांदा लावला... आणि त्यावर माझा सध्याचा लाडका अल्बम.

कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या मॅडमनी त्याची लिंक पाठवली होती. जॅझ म्हटल्यावर मी जरा घाबरलेच होते, कारण माझ्या डोक्यात जॅझ म्हणजे कर्कश गोंधळ. पण हे भलतंच निवांत निघालं. एक गिटार, एक ऑर्गन आणि मागे हलके ड्रम, बस्स. गिटारवाला एक ओळ वाजवतो आणि थांबतो, समोरच्याला बसायला जागा करून दिल्यासारखा. मग ऑर्गन सावकाश त्या जागेत येऊन बसतो... घाई कुणालाच नाही.

मी कंपनीत क्वालिटीत आहे, म्हणजे मालातले दोष शोधून नोंदवायचे. कालच्या रिपोर्टमध्ये काही चुकलं तर नसेल ना, ही धास्ती मला बसमध्येही सोडत नाही. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये हा अल्बम कानात असला की ती तेवढा वेळ गप्प बसते.

तर गुरुवारी नव्या स्पीकरवर लक्षात आलं, की ऑर्गनचा सूर थरथरतोय. आधी हळू, मग मध्येच भरभर. फोनवर लावून पाहिलं, तिथे तेवढं जाणवेना. झालं... माझ्या मते स्पीकर खराब. मी तीन व्हिडिओ काढले, वेळेसकट नोंद केली आणि तक्रार लिहायला बसले.

तेवढ्यात पप्पा आले.

पप्पांबद्दल त्यांना विचारूनच लिहितेय. लातूरहून इकडे आले आणि तीस वर्षं पत्रे ठोकून भाग बनवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्स फिटर होते. शाळेत जायच्या आधी मी मोजायला शिकले ती त्यांनी आणलेल्या नट-बोल्टवर. त्या प्रेसच्या दणक्यांनी त्यांचे कान गेले. मोठे आवाज येतात, पण बोलणं नीट कळत नाही. चार महिन्यांपूर्वी कानाचं मशीन आणलं, ते त्यांनी दोन दिवस लावलं आणि कपाटात ठेवलं. "तुम्ही बोला, माझं काय अडलंय," म्हणाले आणि हळूहळू आमच्यात बसायचेच बंद झाले.

आणि खरं सांगायचं तर आम्हीही सोपा रस्ता धरला होता. त्यांनी "काय झालं?" विचारलं की "काही नाही" म्हणायचं... दोनदा मोठ्याने सांगण्यापेक्षा ते बरं. त्या दिवशीही त्यांनी विचारलं आणि मी हात हलवून "काही नाही" केलं.

ते आत गेले आणि लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. त्याचं टोक स्पीकरवर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. मशीनचं बेअरिंग खराब झालंय का, ते फिटर लोक असंच ऐकतात.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "लेकीने आजच काढलाय तो खोक्यातून. लगेच खोलू नका!"

पप्पा डोळे मिटून उभे. गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, तरी हलेनात. मग म्हणाले, "तुझा डबा चांगला हाय. गाण्यात ही जी पेटी वाजायलीय, तिच्यातच काहीतरी फिरायलंय. आधी हळू फिरतंय, मग स्पीड घेतंय. मोटर असणार."

मी त्यांच्यासमोर उभी राहून, शब्द तोडून तोडून सांगितलं, "पप्पा, हे वाद्य आहे. यात काही फिरत नसतं."

"बघ की मोबाइलात."

बघितलं... आणि पप्पांचंच बरोबर निघालं. अशा ऑर्गनचा स्पीकर कपाटाएवढा असतो आणि त्याच्या आत खरंच एक भोंगा फिरतो. पट्ट्यावर, मोटरने, दोन वेगांत. ती थरथर त्याचीच. मी आठवडाभर तो अल्बम ऐकत होते आणि त्यातला सगळ्यात सुंदर भाग मी दोष म्हणून लिहून ठेवला होता. ज्यांना काही ऐकू येत नाही असं आम्ही घरात ठरवून टाकलं होतं, त्यांनी तो एका गाण्यात ओळखला.

चित्र दाखवलं तर पप्पा लहान मुलासारखे हसले. "पट्टा सैल ठेवला असंल, म्हणून सावकाश उचलतंय." मग म्हणाले, "ते कानाचं मशीन लावलं तर हे आणखी चांगलं ऐकू येईल का गं?"

चार महिने आम्ही ज्याची वाट बघत होतो तो प्रश्न. नुसतं "हो" म्हटलं असतं तरी काम झालं असतं. आई दारातून मान हलवून मला तेच सांगत होती. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, की मशीनने बोलणं नीट कळतं, गाणं कधी कधी वेगळंच लागतं... माझ्याच्याने खोटं बोलवेना.

"बोलणं नीट कळेल म्हणालेत डॉक्टर. गाण्याचं सांगता येत नाही, कदाचित बिघडेलही."

आईने कपाळाला हात लावला.

पप्पांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाले, "खरं बोललीस ते बरं केलंस. आण ते मशीन. गाणं बिघडलं तर गाण्यापुरतं काढून ठेवू."

नवीन बॅटरी घातली. त्यांनी ते कानात बसवलं, आणि मी नेहमीसारखं जोरात विचारलं, "येतंय का ऐकू?"

पप्पा दचकले. "अगं, वरडतीस कशाला?"

गिटार आणि ऑर्गन वाजवणाऱ्या त्या माणसांना हे कधीच कळणार नाही, पण त्यांचे मनापासून आभार. त्या दुपारी आमच्या घरात कितीतरी दिवसांनी सगळे हळू आवाजात बोलत होते.