पुजलेली साखळी

बोटीवरची नोकरी संपवून मी काशीत दूधविनायकला आमच्या घरी परतलो, तेव्हा नांगर आणि साखळ्यांशी माझा संबंध संपला असं मी धरून चाललो होतो. उरलेले दिवस दादाशी वाद घालत आणि वहिनीच्या हातचं खात काढायचे, एवढाच बेत होता. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. घराण्यातलं वेदपठण आणि पौरोहित्य त्यानं चालवलं, मी समुद्रावर पळालो. त्यावरून तो मला अजून टोमणे मारतो, आणि मीही ते ऐकून घेणाऱ्यातला नाही.

पण रामनगरला मालाचा धक्का झाल्यापासून गंगेत मालवाहू जहाजं दिसायला लागली आहेत. दादाचे एक जुने यजमान आहेत, सिमेंटचे व्यापारी. त्यांनीही असं एक जहाज घेतलं. त्याच्या नांगराची साखळी पार झिजली होती, ती बदलायची होती. "गुरुजी के भाई तो जहाजी हैं," म्हणत शेठजींनी मला सल्लागार नेमलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

साखळी निवडणं म्हणजे नुसतं जाड-बारीक बघणं नव्हे. जहाजाला नांगर धरून ठेवतो असं लोकांना वाटतं. खरं तर तळाशी आडवी पडलेली साखळी आपल्या वजनानं नांगराला वाळूत रुतवून ठेवते. ती हलकी पडली की ताठ होते आणि नांगर सुटतो. फार जाड घेतली तर ती ओढून घेणाऱ्या विंचच्या खाचांत बसत नाही, शिवाय उथळ पाण्यातल्या जहाजाचं नाक उगाच खाली जातं. नदीचा तळ, पावसाळ्यातली ओढ, जहाजाचं वजन, सगळं धरून मी जाडी सांगितली, लांबी सांगितली, पोलादाचा दर्जा सांगितला. आणि भंगारातली जुनी घेऊ नका, हे पुन्हापुन्हा बजावलं.

बजावायला कारण होतं. बाढ, म्हणजे गंगेचा पूर, आली की जहाज धक्क्यावर आपटू नये म्हणून नदीत नांगरून ठेवतात, आणि सारंग, म्हणजे जहाज चालवणारा, आपल्या माणसांसकट त्यावरच राहतो. साखळी तुटली तर प्रवाह त्या सगळ्यांना आमच्या घाटांसमोरून नेऊन राजघाटच्या पुलाच्या खांबांवर घालणार. एवढ्या पाण्यात ते इंजिन काय पुरं पडणार?

साखळी आली त्या सकाळी मी धक्क्यावर पोचलो, तर तिच्या ढिगावर झेंडूचे हार, शेंदराचं स्वस्तिक, फुटलेला नारळ. शेजारी सोवळ्यातला दादा पळी-पंचपात्र आवरत होता. शेठजींनी मुहूर्त परस्पर त्याला विचारला होता आणि दादानं मला पत्ता लागू दिला नव्हता. साखळीचा रंग काळाभोर, ताजा. नव्या साखळीला इतका जाड रंग कशाला, हे माझ्या डोक्यात लगेच आलं. मी पिशवीतून हातोडा काढला.

प्रत्येक कडीवर हातोडा मारून बघायचा असतो. धड कडी खणखणते. मधली आडवी दांडी सैल झाली असेल किंवा बारीक चीर गेली असेल, तर बद्द वाजते. इतकी साधी परीक्षा. पण शेठजी हात पसरून मधे उभे राहिले.

"अरे अरे, पूजा हो गई है! अब इस पर हथौड़ा चलाइएगा?"

सारंग बाजूला उभा होता. बंगालकडचा, आयुष्य नदीवर काढलेला, शांत माणूस. "बजाके देख लेते तो अच्छा था," एवढं तो पुटपुटला. शेठजींनी ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

घरी येऊन मी दादावर तोंड सोडलं. बोलता बोलता मलाच सुचलं. "गणपती बसवतोस ना? मग उत्तरपूजा करून हलवतोस, आणि पाण्यात सोडतोस. मग या साखळीची कर की उत्तरपूजा!"

दादा आधी रागानं बघत राहिला. मग म्हणाला, "बसतं. शास्त्रात बसतं."

दादाचा शब्द म्हटल्यावर शेठजी तयार झाले. दादानं अक्षता टाकल्या. आता मूर्ती हलवतात तशी साखळी जराशी हलवायला हवी होती, आणि ती कुणाच्या बापाला हलणार नव्हती. शेवटी धक्क्यावरची क्रेन लावून टोकाच्या कड्या वीतभर उचलल्या आणि परत ठेवल्या. देव गेले असं दादानं जाहीर केलं. मी हातोडा उचलला.

दादाचा कान मंत्रांच्या स्वरांवर तयार झालेला. मी ठोकत पुढे सरकत होतो, तो शेजारून चालत होता, आणि बद्द आवाज आला की मी बोलायच्या आत त्याचं बोट वर जायचं. ते बोट सारखं वर जायला लागलं तसा मी हातोडा खाली ठेवला. मी रंग खरवडला. कड्या एकमेकींना घासतात तिथे लोखंड चांगलंच झिजलेलं होतं. कुठल्यातरी मोडीत काढलेल्या जहाजाची साखळी विकणाऱ्यानं रंगवून पाठवली होती.

"नई मँगाएँगे, जरूर मँगाएँगे," शेठजी म्हणाले, "बरसात के बाद। माल रुका पड़ा है।" तोवर जहाज उभं ठेवा म्हटलं, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना वेगळीच काळजी पडली होती. "अब तो इसमें से देवता भी चले गए। गुरुजी, फिर से बिठा दीजिए।"

दादा नाही म्हणेल असं मला वाटलं होतं. त्यानं नवा नारळ मागवला आणि पुन्हा पूजा केली.

परतीच्या ऑटोत मी त्याला विचारलं, "तुझ्या कानांनी ऐकलंस ना सगळं?"

"यजमान समोर हात जोडून उभा आहे, तर नाही कसं म्हणू? मी देवाला बोलावतो. लोखंडाची गारंटी देत नाही."

"तो गारंटीच समजतो, दादा."

घरी गेल्यावर दादा वाढलेल्या ताटावरून तसाच उठला. वहिनी माझ्याकडे बघत राहिली, जसं काही मीच त्याला उपाशी ठेवलं होतं.

बोटीवर माझ्या एका शब्दानं अशी साखळी परत गेली असती. इथे मी ज्याला त्याला सांगत सुटलो, आणि लोक मला चहा पाजत राहिले. सल्लागार म्हणजे ज्याचं नुसतं ऐकून घेतात तो. सारंगला म्हटलं, पाणी चढलं की घरी निघून जा. तो म्हणाला, "हम जाएँगे तो कोई और बैठेगा, साहब।"

श्रावणात बाढ आली. घराजवळच्या ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या एकेक करून गेल्या, नावा वर ओढून बांधल्या. संध्याकाळी मी आणि दादा उरलेल्या पायऱ्यांवर उभे होतो. पाण्यातून झाडं वाहत येत होती, आणि प्रत्येक काळा ठिपका लांबून मला जहाजच वाटत होता. तेवढ्यात सारंगचा फोन आला.

मी सांगितलं, असेल तेवढी साखळी सोड. त्यानं सोडली होती. इंजिन हळू पुढे चालू ठेव, साखळीवरचा ताण कमी होईल. तेही तो दुपारपासून करत होता. "और क्या करूँ, साहब?"

आणखी करण्यासारखं काही नव्हतं. इतकी वर्षं समुद्रावर काढली, आणि त्या माणसाला द्यायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. मला रडू येत होतं.

"गुरुजी हैं वहाँ?" त्यानं विचारलं.

मी फोन दादाला दिला. दादा मंत्र म्हणेल असं वाटलं. त्यानं विचारलं, "वो खराब कड़ियाँ पानी में हैं कि ऊपर?" पलीकडून काय उत्तर आलं मला कळलं नाही. दादा इतकंच म्हणाला, "हम यहीं घाट पर बैठे हैं। तुम इंजिन बंद मत करना।" मग तो ओल्या पायरीवरच बसला, फोन कानाला लावून.

साखळी टिकली. पाणी उतरलं, जहाज जागेवर होतं, आणि शेठजींकडून मिठाई आली. नव्या साखळीचा विषय मी काढला तर ते हसले. "अब इसको क्यों बदलें? इसने तो साबित कर दिया।" दुसऱ्या जहाजासाठीही त्यांना तशीच हवी होती, त्याच विकणाऱ्याकडची. मी नाही म्हटलं. दादानं, पहिल्यांदाच, मुहूर्त नाही म्हणून सांगितलं. "कोई बात नहीं," शेठजी म्हणाले, "काशी में पंडितों की क्या कमी है।"

ती साखळी अजून तिथेच आहे. सारंगही. पाणी चढायला लागलं की त्याचा फोन येतो. आता तो मला साखळी किती सोडू, इंजिन कसं ठेवू, असं काही विचारत नाही. "गुरुजी को दीजिए," एवढंच म्हणतो. मी फोन दादाला देतो आणि नदीकडे बघत उभा राहतो.