भोकरदनच्या न वळणाऱ्या मुली

बुधवारी सकाळी आठ वाजता कंपनीची जीप जालन्यातून निघाली, तेव्हा मागच्या सीटवर आम्ही दोघी होतो आणि आमच्या मधोमध जाळीच्या पिशवीत एक नारिंगी चेंडू होता.

२००३ चा जानेवारी होता. मी तेव्हा जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत होते. मक्याच्या बियाण्यासाठी कंपनीने उरुग्वेहून मार्टिन नावाचे तज्ज्ञ बोलावले होते. त्यांच्याबरोबर पत्नी आली होती, ग्रासिएला. वय चौतीस, माझ्याहून जेमतेम चार बोटं उंच, केस मानेपर्यंत कापलेले, जिना उतरताना उजवा पाय जपणारी. ती पंधरा वर्षं युरोपात बास्केटबॉल खेळत होती आणि तोच तिचा व्यवसाय होता. साहेब मला म्हणाले, "तीन दिवस बाईंसोबत राहा, कंटाळू देऊ नका." लिहिताना माझं इंग्रजी बरं असतं. बोलायची वेळ आली, की मी कोणत्याही भाषेत समोरच्याचं म्हणणं ऐकून घेण्यातच दिवस काढू शकते.

गाडी चालवायला इसाकचाचा होते. चेंडू बघून त्यांनी विचारलं, "ताई, बाईसाहेब खेळतात का अजून?"

मी इंग्रजीत विचारलं. ग्रासिएला खिडकीबाहेर बघत म्हणाली, "शुक्रवारपर्यंत सांगते."

बदनापूर स्टेशनपाशी डबे घेतलेले लोक औरंगाबादची गाडी धरायला पळत होते. मार्टिन कृषी संशोधन केंद्रावर उतरले आणि आम्ही तुरीच्या एका प्लॉटच्या बांधावर जाऊन बसलो. शेंगा वाळल्या होत्या, वारा आला की खुळखुळायच्या. ग्रासिएलाने खिशातून घडी घातलेला कागद काढला. आदल्या संध्याकाळी आमच्या ऑफिसात आलेला फॅक्स मीच तिच्या हातात दिला होता.

"वाचलास?"

"मला स्पॅनिश येत नाही."

"मग मी सांगते. कुणाला तरी सांगायला हवंच."

स्पेनमधल्या एका छोट्या शहराच्या क्लबने लिहिलं होतं, की त्यांची गार्ड जखमी झाली आहे, उरलेल्या हंगामापुरती तू येशील का, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळव. गार्ड म्हणजे चेंडू पुढे घेऊन येणारी आणि बाकीच्या चौघींनी काय करायचं ते ठरवणारी. एकोणीस वर्षांची असताना ती नदीकाठचं आपलं गाव सोडून इटलीला गेली. आजी इटालियन, त्यामुळे कागदपत्रं लवकर झाली. दक्षिणेतल्या एका गावात बेकरीच्या वरची खोली मिळाली. पहिल्या थंडीत ती पलंग सोडून जमिनीवर झोपायची, कारण खालच्या भट्टीने फरशी ऊबदार असायची. पुढे पाच वर्षं स्पेन. मग हंगेरी, जिथे कोच काय ओरडतो त्यातला फक्त आपल्या शर्टाचा नंबर तिला कळायचा. शेवटी फ्रान्स.

"लोक माझी गिरकी बघायला यायचे," ती म्हणाली. अंगावर आलेल्या खेळाडूला पाठ लावून ती जागच्या जागी अशी फिरायची, की समोरचीला ती कुठून निसटली ते कळायचं नाही. मागच्या वसंतात तीच गिरकी घेताना गुडघा गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बरा झालाय. त्यानंतर ती कुणाच्याही देखत धावली नव्हती.

"सरळ पळता येतं. वळले की दुखतं. आणि वळता येत नसेल, तर मी कोण?"

"तुमचे पती काय म्हणतात?"

"मार्टिन विचारत नाही. विचारलं असतं, तर भांडता तरी आलं असतं."

मी तुरीची एक शेंग सोलून दाणे तिच्या हातावर ठेवले. संध्याकाळी परतताना इसाकचाचांनी आपणहून सांगितलं, "भोकरदनच्या शाळेत पोरी हाच खेळ खेळतात. माझी भाची शबाना त्यांची कॅप्टन हाय. उद्या घेऊन चलू का?"

मी हे इंग्रजीत सांगितलं. ग्रासिएलाने चेंडू मांडीवर घेतला.

गुरुवारी मार्टिन दुसऱ्या गाडीने पुन्हा बदनापूरला गेले आणि आम्ही उत्तरेला निघालो. शहर मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना ज्वारी लागली, माणसाहून उंच. राजूरच्या अलीकडे एका शेतात धूर दिसला आणि इसाकचाचांनी न विचारता गाडी आत घातली. हुरड्याचे दिवस होते. शेतकऱ्याने आगटीत (हुरडा भाजायचा उथळ खड्डा) गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसं खुपसली, मग ती हातावर चोळून हिरवे, गरम दाणे आमच्या पुढ्यात टाकले. सोबत गूळ, दही आणि शेंगदाण्याची तिखट चटणी. ग्रासिएलाने चटणी आधी खाल्ली, बाकीचं नंतर. डोळ्यांतून पाणी वाहत असताना तिने आणखी मागितली.

"वा! ह्या बाईला ठिवून घ्या इथंच," शेतकऱ्याची बायको म्हणाली. "आमच्या सुनंला एवढी झेपत न्हाई."

खाणं झाल्यावर ग्रासिएला बांधाच्या टणक वाटेवर चेंडू आपटत चालली आणि चेंडू सरळ बाभळीच्या काट्यावर गेला. फुस्स असा आवाज आला. राजूरला सायकलच्या दुकानात आम्ही तो नेला. दुकानदाराने तो फिरवून फिरवून पाहिला. "ही कोणत्या गाडीची ट्यूब म्हनायची?" मग त्याने घमेल्यातल्या पाण्यात चेंडू बुडवला, बुडबुड्यांची जागा पकडली, सोल्यूशन लावून रबराचा तुकडा चिकटवला. काम चोख होतं. फक्त आता चेंडूला एक टेंगूळ आलं होतं आणि तो दर तिसऱ्या टप्प्याला डावीकडे जायचा. ग्रासिएला इतकी हसली, की दुकानदारही हसायला लागला आणि त्याने चहा मागवला.

भोकरदनच्या शाळेचं मैदान मुरुमाचं होतं, चुन्याच्या रेषा नुकत्याच मारलेल्या. दोन्ही टोकांना लोखंडी खांब आणि त्यावर जाळी नसलेल्या रिंगा. खेळाचे शिक्षक काकडे सर गेटपर्यंत घ्यायला आले. पन्नाशीचे, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. "या, या, ताई. पोरी सकाळपासून दम न्हाई धरून राह्यल्या."

दहा मुली होत्या, पाच-पाच करून समोरासमोर उभ्या राहिल्या. शिट्टी वाजली आणि मी पहिल्यांदा बास्केटबॉल पाहिला. मला तो फार सुंदर वाटला. चेंडू एकीच्या हातात थांबतच नव्हता. समोर कुणी आली, की तो पुढच्या मुलीकडे, तिथून आणखी पुढे. टाकला की गोल. गोल झाला की तो करणारी पूर्ण टीम धावत जायची, खांबाला हात लावायची, खांबाला वळसा घालायची आणि मग परत फिरायची. तोपर्यंत दुसऱ्या पाचजणी आरामात पलीकडे जाऊन गोल करायच्या आणि त्याही खांबाला हात लावायच्या.

ग्रासिएलाने माझा दंड धरला. "त्या खांबाला हात का लावतात?"

मी सरांना विचारलं.

"नियमच हाय ना," सर म्हणाले. "एकदा पुढं निघालं की मधूनच माघारी वळायचं न्हाई. खांब गाठायचा, मंग दिशा बदलायची. मी मूळचा खो-खोचा खेळाडू, ताई. खो-खोत जे, तेच हितं. पुस्तक आल्तं इंग्रजीतून, त्यातले बाण बघून मी बराबर जुळवून घेतलं."

मी भाषांतर केलं. ग्रासिएलाचे डोळे मोठे झाले. "असा नियम नाही! जगात कुठेही नाही. सांग त्यांना."

दहा मुली आमच्याकडे बघत होत्या. सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत वाट बघत उभे होते. मी म्हणाले, "सर, बाई म्हणतात, असा खेळ त्यांनी कुठेच पाहिला नाही."

सर खूश झाले. "मंग बाईंनी खेळायलाच पाहिजे!"

ग्रासिएलाने माझ्याकडे पाहिलं. नंतर मैदानाकडे. तिने बुटांच्या नाड्या सोडल्या आणि पुन्हा करकचून बांधल्या. क्लबला दुसऱ्या दिवशी काय कळवायचं त्याची परीक्षा ती इथे देणार होती, हे मैदानावर मला एकटीलाच माहीत होतं.

शबानाने तिला चेंडू दिला. तीन पावलं टाकली तोच एक बुटकी मुलगी हात पसरून आडवी आली. ग्रासिएलाचा खांदा खाली गेला, टाच उचलली गेली. मला वाटलं, आता गिरकी. ती तशीच थबकली, चेहरा उतरला, आणि चेंडू त्या बुटकीने काढून घेतला.

"मॅडम!" शबाना ओरडली. "वळू नगा! द्या आन् पळा! जल्दी!"

मी बाहेरून ओरडून भाषांतर केलं. आयुष्यात पहिल्यांदा मी एवढ्या मोठ्याने ओरडले होते. ग्रासिएलाने मान डोलवली. पुढच्या वेळी बुटकी आडवी यायच्या आधीच चेंडू शबानाकडे गेला होता आणि ग्रासिएला पळत होती. चेंडू परत तिच्याकडे आला, तिने तो न बघता उजवीकडे टाकला, तिथे एक मुलगी पोहोचलेली होती. गोल. मग तिने खांबाला हात लावला, मोठा वळसा घेतला आणि परतली. मुलींनी टाळ्या पिटल्या. त्यानंतर मला चेंडू दिसेनासा झाला, इतका तो जोरात फिरू लागला. ग्रासिएला हात करून जागा दाखवत होती, स्पॅनिशमध्ये ओरडत होती, मुली मराठीत उत्तर देत होत्या, आणि कुणालाच माझी गरज नव्हती.

वीस मिनिटांनी ती माझ्याशेजारी येऊन बसली. तिने गुडघा दोन्ही हातांनी दाबला. वाट पाहिली. पुन्हा दाबला.

"दुखत नाहीये."

"नक्की?"

"मी वळलेच नाही." ती धापा टाकत हसत होती. "पंधरा वर्षं मी गिरकीच्या भरवशावर शेवटच्या क्षणापर्यंत चेंडू धरून ठेवला. बाकीच्या चौघी कुठे आहेत, ते आज पहिल्यांदा नीट पाहिलं. चेंडू लवकर सोडला, तर वळावं लागतंच असं नाही." मग तिने मैदानाकडे बोट दाखवलं. "सरांना सांगितलंस ना, नियमाचं?"

मी मान खाली घातली. तेवढ्यात शबाना पाण्याचा जग घेऊन आली. तिला विचारायचं म्हणून विचारलं, "तालुक्याबाहेर जाता का खेळायला?"

"जातो ना. दरसाली पहिल्याच मॅचला हरून येतो. गोल आमीच आधी करतो, पर मागं यीस्तोवर त्या करून टाकतात. सर म्हनतात, दम कमी पडून राह्यला. म्हनून रोज दहा चक्कर." ती हसली. "परतूरच्या पोरी तर मागं विचारून राह्यल्या होत्या, खांबाला नवस बोलला का म्हनून!"

रोज दहा फेऱ्या. मी उठले. सर रिंगेखाली एकटे होते, चुन्याची पुसलेली रेष बुटाने नीट करत. त्यांच्यापर्यंतचं अंतर पन्नास पावलांचं असेल, मी ते फार हळू चालले.

"सर, मघाशी मी तुम्हाला अर्धंच सांगितलं. खांबाला हात लावायचा नियम बास्केटबॉलमध्ये नाही. कधीही, कुठूनही वळता येतं."

सर माझ्याकडे बघत राहिले. "बिलकुल न्हाई?"

"बिलकुल नाही."

"सहा वर्षं झाली, ताई." त्यांनी खांबाकडे पाहिलं. हात लागून लागून त्याचा रंग कमरेच्या उंचीवर उडाला होता. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतात की काय. ते हसत होते, आवाज न करता, मग आवाज करून, शिट्टी पोटावर उडेपर्यंत. "ए पोरींनो! इकडं या! तुमच्या सरानं गाढवपणा केलाय!"

मुली गोळा झाल्या, सरांनी सगळं सांगितलं. मग बुटकी म्हणाली, "सर, मंग दहा चक्कर उगंच पळून राह्यलो का आमी?"

"उगंच कसं? तुमच्यावानी दम जिल्ह्यात कुनाला हाय?"

"मंग उद्यापासून पाचच!" सगळ्या एकदम ओरडल्या.

ग्रासिएलाने मला मध्ये घेतलं आणि सांगायला लावलं, की चढाई आहे तशीच ठेवा, एक पाऊलही बदलू नका, चेंडू गेला की मात्र जिथे असाल तिथून माघारी पळा. ऊन उतरेपर्यंत तिने त्यांच्याकडून तेवढंच करून घेतलं. शाळेच्या भिंतीवर बसून इसाकचाचा भाचीला सूचना देत होते, आणि शबाना त्यांना सांगत होती, "मामू, तुमी गाडी पुसा."

शुक्रवारी ग्रासिएला ऑफिसात आली. तिने अक्षर अक्षर सांगितलं आणि मी न कळणारी स्पॅनिश टाइप केली. मध्येच एक शब्द ओळखीचा निघाला, भोकरदन.

"इथे काय लिहिलंय?"

"की मी येते. पण गिरकीची वाट बघू नका. आता मी भोकरदनला खेळतात तशी खेळते."

"त्यांना काय कळणार?"

"मी गेले की दाखवेन."

फॅक्स जाईपर्यंत ती मशीनवर हात ठेवून उभी राहिली. मार्टिन शेतावरून आले, पायाला चिखल, हातात मक्याचं कणीस. ती स्पॅनिशमध्ये एकच शब्द बोलली. त्यांनी कणीस माझ्या टेबलावर ठेवलं, तिच्यासमोर चक्क गुडघ्यावर बसले आणि तिच्या उजव्या गुडघ्याला नमस्कार केला, आपल्याकडे पाहिलेला असेल तसा, थोडा चुकीचा. साहेबांसकट सगळं ऑफिस हसलं.

पाच वाजता मी घरी परतले. तीन दिवसांत जिल्ह्याच्या बाहेर पाऊलही पडलं नव्हतं. चहा पिताना मी त्या खांबाचा विचार करत होते. सहा वर्षांत किती पंच, किती शाळांचे शिक्षक त्या मुलींना खांबाला हात लावताना बघत उभे राहिले असतील! सगळ्यांना काकडे सरांचा मान राखायचा होता, मलाही. मान राखला गेला आणि मुली हरत राहिल्या. आता एखादी चूक दिसली, की मी थोडी थांबते, शब्द जुळवते आणि जाऊन सांगते. ऐकणारा दर वेळी हसतोच असं नाही. पहिल्याच वेळी हसणारा माणूस भेटला, हे माझं नशीब.