भाऊजींच्या गाडीचं झाकण

भंडाऱ्याला मी पूर्वीही गेलो होतो, पण तेव्हा स्टँडवर घ्यायला भाऊजी यायचे. या खेपेला कोणी आलं नव्हतं. नागपूरहून सुटलेली एस.टी. भर दुपारी पोचली आणि चैत्रातलं ऊन असं काही लागलं, की पुण्याच्या उन्हाला आजवर नावं ठेवली त्याची मला लाज वाटली. ऑटोरिक्षावाल्याने भांड्यांच्या बाजारातून नेलं. दोन्ही बाजूंना पितळी गुंड, घागरी, पराती झळकत होत्या आणि आतून ठोक्यांचा आवाज येत होता. भाऊजींना त्या आवाजाचं भारी प्रेम. पुण्याला आमच्याकडे आले की सकाळी तक्रार करायचे, "तुमच्या गावात झोप नाही लागत जी, लय शांत हाय."

भाऊजी दिवाळीनंतर अचानक गेले. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, लग्न होऊन इकडे आली त्याला इतकी वर्षं झाली की तिची बोलीही पार झाडीपट्टीची (पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखाची) झाली आहे. एरवी मी त्यावरून तिला चिडवतो. त्या दिवशी दारात तिने "आला का रे बाळू?" एवढंच विचारलं आणि मला चिडवायला काही सुचलं नाही.

अंगणात पत्र्याखाली भाऊजींची जुनी गाडी उभी होती. ताई ती रोज पुसायची. शेजारचे एक गृहस्थ अधूनमधून सुरू करून ठेवायचे. पेट्रोलच्या टाकीवर पितळेचं झाकण होतं. मूळचं झाकण कुठल्याशा लग्नात कुणीतरी लांबवलं, तेव्हा भाऊजींनी ओळखीच्या कासाराकडून हे घडवून घेतलं. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात, तसं त्यावरही ताईचं नाव घातलं होतं : सौ. सुमन. "भरल्या लोट्यावर असं झाकण बसवा अन् लोटा उलटा करा, थेंब सांडला तर बोला," असं ते येईल त्याला सांगत. पुढे थोड्याच दिवसांत ते गेले. नव्या झाकणानिशी गाडी गावाबाहेर नेणं काही झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लाखांदूरकडचा एक माणूस निरोप घेऊन आला. भाऊजींची आई तिकडे एका खेड्यात धाकट्या मुलापाशी, रामाजीपाशी राहायची.

"आजीचं काही खरं नाही जी," तो दारातूनच म्हणाला. "गाडी घेऊन याले सांगतलं रामाजीनं. सारखी 'गाडी आली का, गाडी आली का' पुसून राहिली."

थोरला मुलगा गेल्याचं म्हातारीला माहीत होतं. पण शेवटच्या दिवसांत ते ठाऊक असणं बहुधा गळून पडलं असावं. मी एस.टी.ने जाऊ म्हणालो. ताईने ऐकलं नाही.

"आईले गाडी पायजे," ती म्हणाली. "मी एस.टी.नं गेली तर तिले काय दिसन?"

तिने देवघरातून एक गडू घेतला. भाऊजींनी काशीहून आणलेलं गंगेचं पाणी त्यात होतं, गडूचं तोंड झाळून बंद केलेलं. शेवटचं पाणी मुलाने पाजायचं असतं. मुलगा नव्हता, म्हणून ते सुनेच्या हातून जावं एवढीच ताईची इच्छा होती.

वैनगंगेचा पूल ओलांडला तोवर गाडी झकास चालली. मी मनातल्या मनात भाऊजींना शाबासकीही दिली. लाखनी जवळ आली आणि सपाट रस्त्यावरच तिचा जोर उतरू लागला. पाय तळापर्यंत दाबला तरी वेग कमीच होत गेला, दोनचार आचके बसले आणि गाडी एका मोहाच्या झाडाखाली थांबली. बॉनेट उघडलं तर आत भट्टी. पाणी ठीक होतं. पेट्रोलचा काटा कधीचाच मेला होता, म्हणून भाऊजींनी मापायला ठेवलेली बांबूची काडी काढली. झाकण फिरवताच 'सूंऽऽ' असा आवाज झाला. पेट्रोल भरपूर होतं. झाकण घट्ट लावलं, थोडा वेळ बसलो, आणि गाडी काही झालंच नाही अशी सुरू झाली.

"तापली होती," मी मोठ्या जाणकारीने सांगितलं. ताईने गडू मांडीवर घेतला होता.

साकोलीत शिरता शिरता पुन्हा तेच. ढकलत ढकलत एका मिस्त्रीच्या दुकानापर्यंत नेली. मिस्त्री भला माणूस. हातातला चहा टाकून आला.

"थंडी असते तेव्हा चालते, गरम झाली का दम सोडते, असंच ना जी?"

"अगदी असंच."

"पंप गरम होऊन राहिला. पेट्रोलची अंदरच वाफ होते." त्याने ओलं गोणपाट पंपाला गुंडाळलं, प्लग पुसले आणि पेट्रोल पाहायला झाकण फिरवलं. पुन्हा 'सूंऽऽ'. "पाहा, पाहा! वाफ कशी निघून राहिली!" मलाही पटलं. झाकणाकडे पाहून तो म्हणाला, "बाप्पा, काय काम केलं हाय!" आणि ते त्याने कौतुकाने, जोर लावून बसवलं.

तेवढ्यात लाखांदूरची एस.टी. समोर येऊन उभी राहिली. कंडक्टरने ताईला ओळखलं. "बसा वयनी, जागा हाय." ताईने माझ्याकडे पाहिलं, मी मिस्त्रीकडे. "आता नाई थांबत," मिस्त्री म्हणाला. गाडी सुरूही झाली होती. ताई क्षणभर घुटमळली, मग तिने मान हलवली. आमच्या डोळ्यांदेखत एस.टी. धूळ उडवत गेली.

लाखांदूरच्या वाटेचं वर्णन मला एरवी आवडीने करता आलं असतं. कापणी होऊन गेलेल्या बांध्या (धानाची खाचरं), मधूनच जंगलाचा पट्टा, वाळत चाललेल्या बोड्या (लहान तळी) आणि त्यात गळ्यापर्यंत बुडून बसलेल्या म्हशी. पण ते सगळं मी उभ्या गाडीतूनच पाहिलं. गाडी थोडं अंतर जायची आणि गळाठायची. मग बॉनेट उघड, बोडीतून गोणपाट भिजवून आण, काडीने पेट्रोल माप, थांब, निघ. दर वेळी वाटायचं की गाडी निवली म्हणून निघाली. एका बाईने घरातून पन्हं आणून दिलं. ताईने तोंडाला लावलं नाही.

"तिचं तोंड कोरडं असन अन् मी पेऊ?" ती म्हणाली. मला इतकं असहाय क्वचितच वाटलं असेल.

गावात शिरलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. "हॉर्न वाजव," ताई म्हणाली. "ते नाक्यापासून वाजवत जायचे." मी वाजवला. वाजवतच दारापर्यंत गेलो. कोणी धावत बाहेर आलं नाही. अंगण नुकतंच धुतलेलं होतं, आणि नदीवरून परतलेली माणसं ओल्या कपड्यांनी ओट्यावर बसली होती.

रामाजी उठून गाडीपाशी आला. "वयनी, दुपारी गेली जी. उन्हाचे दिवस, ठेवता नाही आलं." मग त्याला राहवेना. "शेवटपर्यंत डोळे दाराकडे. गाडी वाजली का, गाडी वाजली का... मी म्हणो, येऊन राहिली आई, साकोलीपर्यंत आली."

ताई गाडीतून उतरेना. गडू तसाच मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेला.

त्या घरात चूल पेटायची नव्हती. शेजाऱ्यांनी भात आणि लाखोरीची डाळ आणून दिली. इतकी चवदार डाळ मी पुण्यात खाल्ली नसेल, आणि मी ताट तसंच सारून उठलो.

सकाळी ताईने नदीवर न्यायला सांगितलं. राख सावडायला अजून अवकाश होता, पण गंगेचं पाणी चितेच्या जागी तरी घालावं असं तिच्या मनात होतं. मी आणि रामाजी तिला गाडीने घेऊन गेलो. रामाजीने खिळा आणि दगड घेऊन गडूच्या झाळलेल्या तोंडाला एक भोक पाडलं. ताईने गडू पालथा धरला. एक थेंब पडला आणि पाणी थांबलं. तिने हलवून पाहिलं; येईना.

"दुसरं पाडा," ती डोळे पुसत म्हणाली. "तेलाच्या डब्याले दोन पाडत नाही का? हवा अंदर गेल्याबिगर काही येत नसते बाहीर."

रामाजीने दुसरं भोक पाडलं. पाण्याची धार सरळ राखेवर पडली.

मी ती धार पाहत होतो आणि एकदम वळलो. गाडीपाशी गेलो. झाकण काढून उन्हात धरलं, उलटं केलं, बोट फिरवलं. कुठेही भोक नव्हतं. बाजारातल्या झाकणाला असतं, बारीकसं. पेट्रोल जसजसं खर्ची पडतं तसतशी तिथून हवा आत जाते. भाऊजींच्या कासाराने मात्र लोट्याचं झाकण घडवावं तसं हे घडवलं होतं, त्याच्या धंद्यात त्यालाच चांगलं काम म्हणतात. तो 'सूंऽऽ' वाफ बाहेर पडण्याचा नव्हता. टाकी श्वास घेत होती. आणि दर वेळी गाडी सुरू झाली ती निवल्यामुळे नाही, पेट्रोल मापायला आम्ही झाकण उघडत होतो म्हणून.

ताई केव्हा मागे येऊन उभी राहिली मला कळलं नाही. मी झाकण मुठीत लपवायला गेलो. तिने माझी बोटं उघडली, झाकण हातात घेतलं, पालटून पाहिलं. मघाशी गडूबद्दल तीच बोलली होती. तिला काही समजावायची गरज पडली नाही.

"यानं?" तिने विचारलं.

मी म्हणालो, "ताई, पंपही तापतच असेल." ती माझ्याकडे पाहत राहिली.

"भोक पाडून देऊ का वयनी? एक खिळा मारला का झालं," रामाजी म्हणाला. ताईने झाकण पदरात घेतलं.

टाकीच्या तोंडाला मी माझा रुमाल सैल बांधला. रामाजीला घरी सोडलं, दहाव्याला येते असं ताईने सांगितलं आणि आम्ही भंडाऱ्याला निघालो. ऊन आदल्या दिवसापेक्षा कडक होतं. गाडी तापली, सणसणून तापली, आणि कुठेही अडली नाही. बोड्या गेल्या, साकोली गेली, मोहाचं झाड गेलं. गाडी इतकी सुरेख चालते आहे याचा मला राग येत होता. प्रत्येक मैलाला वाटत होतं, काल अशी चालली असती तर आपण पोचलो असतो. ताईही तेच मोजत असणार. तिने वाटेत एकदाही गाडीचं नाव काढलं नाही.

भंडाऱ्यात मी दुकानातून भोकाचं झाकण आणून टाकीला बसवलं. प्रवासातून माणूस काहीतरी घेऊन परततो म्हणतात. मी एका जुन्या गाडीचा दोष शोधून परतलो, आणि तो सापडल्याने कोणाचंच काही भलं झालं नाही. उलट न सापडता तर आम्ही उन्हाला दोष देत बसलो असतो, आणि ते सोसायला सोपं गेलं असतं.

निघायच्या सकाळी ताई भांडी घासत होती. शेवटी तिने ते झाकणही चिंचेने घासलं, 'सौ. सुमन' लख्ख केलं, पुसलं आणि मांडणीवर भाऊजींच्या पेल्याशेजारी ठेवलं. मला सोडायला ती स्टँडपर्यंत आली. एस.टी. सुरू झाल्यावर खिडकीचा गज धरून तिने हळूच विचारलं,

"बाळू, झाकणाचं त्यायले कळलं नसन ना रे?"